पॉप आर्ट, फ्लेक्स आणि आमचे आप्पा

मागच्या गॅदरिंगच्या आधीची गोष्ट. डेकोरेशन कमिटीची मीटिंग कॅन्टीनमध्ये भरली होती. (भरली होती म्हणजे सात जण आणि चार कटिंग.) थीम काय ठेवायची यावर अर्धा तास गेला. शेवटी एकाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "पॉप आर्ट ठेवू. एकदम हटके!" मोबाइलवर एका गोऱ्या बाईचा चेहरा होता, चार वेळा, चार भडक रंगांत. सगळ्यांना पटलं. ती बाई कोण, हे कोणी विचारलं नाही. चित्र कोणी काढलं, हेही नाही. पुढच्या दहा मिनिटांत डिझाइनसुद्धा ठरलं. सगळ्या विभागप्रमुखांचे फोटो त्या फिल्टरमधून काढायचे आणि वीस बाय दहाचं फ्लेक्स गेटवर लावायचं.

मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. ते आता या पानांवर बोलतो, संपादक मंडळाने कात्री लावली नाही तर!

आता तुम्ही म्हणाल, हा कोण मोठा चित्रकलेतला लागून गेला? तर माझं शिक्षण इंटरमिजिएट, बी ग्रेड. म्हणजे तुमच्यापैकी निम्म्या लोकांइतकंच. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, दहावीला वाढीव मार्क मिळाले, पोस्टर कलरच्या बाटल्या वाळून गेल्या. वस्तुचित्रात मडकं, वांगं आणि मागे चुण्या पडलेलं कापड. स्मरणचित्रात बाजार, आणि बाजारात फुगेवाला हमखास. संकल्पचित्रात वर्तुळात पानं-फुलं. त्यापुढेही चित्रकला असते आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्यात बरीच उलथापालथ झालेली आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. सीईटी होती ना.

पण माझ्या बाबतीत एक गोष्ट जरा वेगळी आहे. माझे वडील पेंटर आहेत. घरं रंगवणारे नव्हे, बोर्ड रंगवणारे. मोंढ्यातल्या आडत दुकानांचे बोर्ड, किराणा, कापड दुकान, दवाखाना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फाळकी, टेम्पोच्या मागचं नाव आणि नावाच्या दोन्ही बाजूंना मोर. आप्पा कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. रघुवीर मुळगांवकरांची कॅलेंडरं आणि दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं समोर ठेवून त्यांनी हात बसवला. आमच्या घरी अजून एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात ही कात्रणं आहेत. मुळगांवकर आणि दलाल दोघेही गोव्याकडचे, दोघेही छापून घरोघर जाणारी चित्रं काढणारे. आप्पांच्या लेखी चित्रकार म्हणजे हे दोघं.

मी शाळेत जायला लागलो त्या सुमाराला गावात फ्लेक्सचा जम बसला. सकाळी ऑर्डर दिली की संध्याकाळी बोर्ड हातात, वर मालकाचा फोटोसुद्धा. आप्पांना त्याच बोर्डाला चार दिवस लागायचे. प्रायमर, मग बेस, मग दोरीला खडू लावून लाइनी मारायच्या, मग अक्षरं, मग शेड. हळूहळू एकेक गिऱ्हाईक गेलं. आता निवडणुकीत भिंती मिळतात आणि एरवी शाळांच्या 'बोलक्या भिंती': बाराखडी, पाढे, भारताचा नकाशा.

आता कबुलीजबाब. फर्स्ट इयरला ॲडमिशनच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. माझ्या शेजारच्या मुलाने लिहिलं, 'नोकरी (थर्मल)'. मी लिहिलं, 'व्यापार'. अगदीच खोटं नव्हतं म्हणा, रंग विकतच घेतात की आप्पा! पण मी ते का लिहिलं हे मला माहीत आहे.

सेकंड इयरला असताना लायब्ररीत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या मागे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. विसाव्या शतकातली चित्रकला. कोणीतरी देणगी दिलेलं असावं, कारण मागच्या स्लिपवर एकही तारीख नव्हती. ओरल्स चालू होत्या, म्हणजे अभ्यास सोडून बाकी काहीही वाचायची ओढ लागते तो काळ. मी पुस्तक मधूनच उघडलं, तर समोर लढाऊ विमान! आणि विमानावरच आडवंतिडवं काय काय: मोटारीचा टायर, विजेचे दिवे, केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेली एक लहान मुलगी, छत्रीला चिकटून अणुबॉम्बच्या स्फोटाचा ढग. चित्राचं नाव 'एफ-१११'. चित्रकार जेम्स रोझेनक्विस्ट, साल १९६४-६५. अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात उतरत होती तेव्हाचं. चित्र २३ तुकड्यांत, १० फूट उंच आणि ८६ फूट लांब.

८६ फूट! आकड्यावर विश्वास बसेना म्हणून माहिती वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो. हा रोझेनक्विस्ट चित्रकार होण्याआधी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये परातीला चढून जाहिरातींचे मोठमोठे बोर्ड रंगवायचा. पोटासाठी. म्हणजे बोर्ड पेंटर! मी ती ओळ दोनदा वाचली, पुस्तक इश्यू केलं आणि थेट घरी गेलो.

आप्पा ओट्यावर बसून ब्रश धूत होते. चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ग्राफ मारून काढलंय," आप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"एवढं मोठं नुसत्या हातानं येतंय का? आधी कागदावर बारकं काढायचं, चौकटी मारायच्या, मग चौकटीला चौकट लावत जायचं. जवळ हुभं ऱ्हायल्यावर त्याला बी कळत नसंल आपण टायर काढायलोत का बाईचं नाक."

मी सांगितलं की हा माणूस न्यूयॉर्कला बोर्ड रंगवायचा. आप्पांचा पहिला प्रश्न: "मग बोर्डं का सोडले? कोणी पैशे बुडिवले का?"

नंतर मी हुसेनबद्दल सांगायला गेलो तर आप्पाच म्हणाले, "पंढरपूरचे. मुंबईत पिच्चरचे बोर्ड काढायचे. तेवढं ठावं हाय मला." एम. एफ. हुसेन म्हटलं की आपल्याला घोडे, अनवाणी पाय आणि वाद आठवतात. पण १९३०च्या दशकात हा माणूस मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होता, आणि १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये उभा होता. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट सांगताना ज्या ग्रुपपासून सुरुवात करतात, त्यात एक बोर्ड पेंटर आहे.

तर पुस्तक वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. पॉप आर्टवाले बरेचसे आपल्याच जातकुळीचे निघाले! रिचर्ड हॅमिल्टन घ्या. लंडनमध्ये १९५६ साली मासिकांतले फोटो कापून त्याने एक कोलाज केलं: दिवाणखान्यात पिळदार शरीराचा एक माणूस, हातात भलामोठा लॉलीपॉप आणि त्यावर अक्षरं 'पॉप'. पॉप आर्टचा इतिहास सांगताना हे चित्र दाखवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. हा हॅमिल्टन दुसऱ्या महायुद्धात ईएमआय कंपनीत जिग्ज आणि टूल्सचा ड्राफ्ट्समन होता. आपण वर्कशॉपला ज्यांच्या नावाने बोटं मोडतो तेच जिग्ज! लिक्टेनस्टाइननेही क्लीव्हलँडला असताना ड्राफ्ट्समनची नोकरी केली होती. आणि अँडी वॉरहॉल, म्हणजे आपल्या कमिटीच्या मोबाइलवर होता तो. त्याची पदवी पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची, १९४९ची. आज त्याचं नाव कार्नेगी मेलन. आपले जीआरईवाले सीनियर ज्या कॉलेजचं नाव दबक्या आवाजात घेतात, तेच. शिकला अर्थात कमर्शियल आर्ट, आणि पुढे बरीच वर्षं बुटांच्या जाहिराती काढल्या.

वॉरहॉलने १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत सूपच्या डब्यांची चित्रं लावली. किती? ३२. कारण ती कंपनी तेव्हा ३२ प्रकारची सूप विकत होती. भिंतीवर फळी ठोकून चित्रं तिच्यावर ओळीने ठेवली होती, किराणा दुकानात ठेवतात तशी. जवळच्या एका दुकानदाराने खरेच डबे रचून 'आमच्याकडे स्वस्त' अशी पाटी लावली म्हणे. शेवटी गॅलरीवाल्यानेच ३२च्या ३२ चित्रं १००० डॉलरला घेतली, तीही महिना १०० डॉलरच्या हप्त्याने. आज ती न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहेत.

आता यात कला कुठे आहे, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर पुस्तकात नाही मिळालं, वैद्यनाथाच्या पायऱ्यांपाशी मिळालं. श्रावणातला सोमवार होता, घरचे दर्शनाच्या रांगेत आणि मी चपला सांभाळायला खाली. समोर फोटो फ्रेमचं दुकान. शंकराचा एकच फोटो, तीच निळी मान, तोच चंद्र, वरपासून खालपर्यंत सात ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा. दुसरीकडे लक्ष्मी, तशीच. मी लहानपणापासून तिथे जातोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते बघितलं! एक फोटो घरी नेऊन भिंतीवर लावला की आपण हात जोडतो. तेच बेचाळीस एकत्र दिसले की माल दिसतो. आणि तरीही त्यातला एक उचलला की तो परत देव होतो. हे नेमकं कधी आणि कशाने बदलतं? वॉरहॉलने सूपच्या डब्यांचं आणि त्या गोऱ्या बाईचं (मेरिलिन मन्रो, ऑगस्ट १९६२ मध्ये गेली, आणि तिच्या मृत्यूनंतर लगेच त्याने ती चित्रं सुरू केली) जे केलं, ते बहुतेक हेच होतं. फरक इतकाच की आपल्याकडे देव छापून घरोघर जायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला.

आपल्याकडे हे कोणी चित्रात आणलं का? आणलं की. भूपेन खख्खर. जन्म मुंबईचा, १९३४. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट! १९६२ साली बडोद्याला गेला, हिशेबाची नोकरी करत करत चित्रं काढायला लागला. आधी बाजारातली देवांची छापील चित्रं चिकटवून कोलाज केली, मग दुकानं रंगवली. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डीलक्स टेलर्स' ही त्याच्या १९७२च्या चित्रांची नावं आहेत. नावं वाचून असं वाटतं की हे बोर्ड आप्पांनीच रंगवले असतील. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं. मुंबईच्या घाटकोपरचा अतुल डोडिया तर दुकानांच्या लोखंडी शटरवरच चित्रं काढतो. शटर वर केलं की आत दुसरं चित्र.

म्हणून मला त्या मीटिंगमध्ये राग आला. पॉप आर्ट म्हणजे फिल्टर नव्हे. आपल्याला ज्याची इतकी सवय झालीय की ते दिसेनासं झालंय, किंवा ज्याची थोडी लाज वाटते, ते उचलून समोर ठेवणं म्हणजे पॉप आर्ट. वॉरहॉल सांगायचा की तेच सूप तो वीसेक वर्षं रोज दुपारी पीत आला. आपण कुठे ते सूप प्यालो? आपला सूपचा डबा म्हणजे पारले-जीचा पुडा, जो होस्टेलच्या निम्म्या रूमचा रात्रीचा स्वयंपाक आहे.

आणि खरं सांगू का, परळीतली सगळ्यात जबरदस्त पॉप आर्ट फ्लेक्सवरच आहे! वाढदिवसाचं फ्लेक्स नीट बघा कधी. मधे उत्सवमूर्ती, डोळ्यांना गॉगल, कानाला मोबाइल. वर नेत्यांचे चेहरे, मानाप्रमाणे लहानमोठे. आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढे चाळीस चेहरे, ओळीने. चाळीसही जणांची मान एकाच बाजूला. वॉरहॉल परळीला आला असता तर स्टेशनबाहेरच थांबला असता, पुढे आलाच नसता. तेव्हा मी फ्लेक्सच्या विरोधात नाही, आमच्या घराचं त्याने नुकसान केलं असलं तरी. ज्याला जन्मात कधी आपला फोटो चौकात दिसला नसता त्याला फ्लेक्सने तो दाखवला. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्याकडे कोणीतरी चित्रकाराच्या नजरेने बघितलं पाहिजे. जवळ जाऊन बघा, नुसते ठिपके दिसतात. हेच छपाईचे ठिपके लिक्टेनस्टाइनने कॉमिक्समधून उचलले आणि भोकाभोकांची जाळी ठेवून ब्रशने कॅनव्हासवर काढले. म्हणजे तो हाताने छपाईची नक्कल करत होता. आप्पाही तेच करायचे. त्यांच्या अक्षरांना 'अगदी छापल्यासारखं' म्हटलेलं त्यांना सगळ्यात जास्त आवडायचं. मग खरोखरच छापायचं मशीन आलं.

बाकीच्या आधुनिक चित्रकलेबद्दल थोडंसं. क्युबिझम आपल्याला अवघड जायचं काही कारण नाही. पिकासो आणि ब्राक यांनी १९०७नंतर जे सुरू केलं ते ईडीच्या (आपली ईडी, एन. डी. भटांच्या पुस्तकातली, ती दुसरी नव्हे) पहिल्या शीटसारखंच आहे. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू. आपण ते वेगवेगळे मांडतो, फर्स्ट अँगलमध्ये, मधे एक्स-वाय लाइन मारून. त्यांनी ती लाइन पुसली आणि तिन्ही व्ह्यू एकमेकांत घुसू दिले. कॅल्डरचं तर बोलायलाच नको, तो मेकॅनिकलचा इंजिनिअर, स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट, १९१९. तारेला पत्र्याचे तुकडे टांगून हवेवर हलणारी शिल्पं त्याने केली, त्यांना 'मोबाइल' म्हणतात. मोमेंट्सचा बॅलन्स साधल्याशिवाय त्यातलं एकही उभं राहणार नाही.

मला खरंच अवघड गेले ते गायतोंडे. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४. वाढले गिरगावच्या चाळीत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, काहीच नाही. नुसता रंग, एकाखाली एक थर, आणि त्यात काहीतरी तरंगल्यासारखं. मित्रांना दाखवलं तर पहिला प्रश्न: "कितीला गेलं?" २०१३ साली मुंबईच्या लिलावात एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, हे सांगितल्यावर सगळ्यांनी ते चित्र परत एकदा, जरा आदराने बघितलं. आप्पांनी मात्र किंमत विचारली नाही. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बॅकग्राऊंड लै भारी सोडलंय. आता अक्षरं कधी टाकणार?"

मी हसलो. मग वाचलं की गायतोंडे रोलर आणि नाइफ वापरायचे, कागदाचे तुकडे फाडून त्यांनी रंग उचलायचे आणि टाकायचे, आणि एका चित्रापाशी दिवसच्या दिवस काढायचे. हे सांगितल्यावर आप्पांनी पुस्तक परत मागून घेतलं. "रोलरनं? मग कडा कशी काय फुटली न्हाई?" त्या रात्री पुस्तक त्यांच्याच उशाशी होतं. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांवर तर ते लगेच बोलले, "हे आपलंच ऑइल पेंट हाय. चमक बघ." आणि खरंच, बरवे कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरायचे, दारा-खिडक्यांना आणि बोर्डांना लावतात तोच. बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' नावाचं मराठी पुस्तकही आहे, १९९०चं. चित्रकार विचार कसा करतो हे मराठीत वाचायचं असेल तर ते वाचा, मला अर्धंच कळलं तरी सांगतोय.

नुसतं वाचून काय होणार म्हणून आम्ही तिघांनी स्क्रीन प्रिंटिंग करून बघायचं ठरवलं. वॉरहॉल १९६२पासून ज्या पद्धतीने छापायचा, त्याच पद्धतीने आपल्या गावात लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापतात. आप्पांच्या ओळखीच्या दुकानात गेलो, पितृपक्षात, कारण तेव्हा त्यांना काम नसतं. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, जाळीवर अंधारात लावलेलं इमल्शन. वर ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेलं चित्र ठेवायचं आणि उन्हात धरायचं. ऊन लागलं तिथे इमल्शन घट्ट होतं, काळ्याखाली मऊ राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. तिथून शाई उतरते. साधं आहे, थिअरीत.

आम्ही काढली थर्मलची चिमणी. पहिल्यांदा शाई पातळ पडली, ऊन आरपार गेलं, सगळंच घट्ट. पाणी मारून हात दुखले पण चिमणी काही उघडेना. दुसऱ्यांदा आमच्या सिव्हिलच्या मित्राने आयडिया काढली की परळीची चिमणी आहे तर शाईत थोडी राख मिसळू. विटांत चालते, सिमेंटात चालते, मग इथे का नाही? जाळी चोंदली. दुकानदार काका जे बोलले ते मासिकात छापता येणार नाही. तिसऱ्यांदा जमलं. एका शीटवर चार चिमण्या, अशा बारा शीट. काही ठिकाणी लाल रंग चिमणीवर बसला, काही ठिकाणी दोन मिलिमीटर बाजूला सरकला, शेवटच्या दोन शीटवर शाई संपत आली आणि चिमणी फिक्कट होत गेली.

मी ती फिक्की शीट फाडायला निघालो होतो. प्रॉडक्शनचा पेपर नुकताच दिलेला, टॉलरन्सबाहेर गेलं की रिजेक्ट! पण आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुष्काळात अशीच दिसायची." २०१५ साली पाण्याअभावी वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, आणि नुसत्या चिमण्या उभ्या होत्या, धुराशिवाय. मी तेव्हा शाळेत होतो, मला आठवतंय. बाराही शीटमध्ये तेवढी एकच मला चित्र वाटते. वॉरहॉलच्या मेरिलिनमध्येही एका बाजूचे चेहरे असेच काळपट, मग पुसट होत जातात. ते मी आधी पुस्तकात बघितलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

वॉरहॉलचं सगळंच मला आवडतं असं नाही. नंतर नंतर त्याने श्रीमंतांचे चेहरे ऑर्डरप्रमाणे छापून दिले, ते बघताना फोटो स्टुडिओत बसल्यासारखं वाटतं. आणि एक गोष्ट खुपतेच. बोर्ड गॅलरीत गेला की त्याला कला म्हणतात, आणि बोर्ड रंगवणारा चौकातच राहतो. रोझेनक्विस्ट परातीवरून उतरला आणि त्याचं नाव झालं. त्याच्याबरोबर परातीवर चढणारे बाकीचे कोण होते, हे कुठल्या पुस्तकात नाही. आप्पा बोर्डाच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकायचे, बोटभर. दुकान बदललं की बोर्ड खरवडला जायचा, नावासकट.

परवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरला. तोच रकाना. या वेळी 'पेंटर' लिहिलं. क्लार्क काकांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "बिल्डिंगचे का बोर्डाचे?"

"बोर्डाचे," म्हटलं.

"मग आमच्या घरच्या नेमप्लेटचं विचार की त्यांना. फ्लेक्स उन्हानं पांढरं पडायलंय."

गॅदरिंगला गेटवर फ्लेक्सच लागलं, हे तुम्ही बघितलंच. चार रंगांतले एचओडी सर छान दिसत होते, मीही त्याखाली फोटो काढला. पण वर्कशॉपच्या मागे पार्किंगची भिंत आहे, ती आम्ही मोजून आलोय, साठ फूट भरते. प्राचार्य सरांकडे अर्ज दिलाय. प्रत्येक ब्रँचने आपली एक रोजची वस्तू द्यायची, अशी कल्पना आहे: ड्राफ्टर, मल्टिमीटर, क्यूब मोल्ड, पारले-जी. कागदावर बारकं काढून, चौकटी मारून, हाताने मोठं करायचं. आप्पा रविवारी येऊन ग्राफ कसा मारायचा ते दाखवायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, भिंतीला आधी प्रायमर पाहिजे, चुन्यावर ते ब्रश लावणार नाहीत.

अर्जाचं काय होतं ते कळेलच. तोपर्यंत स्क्रीन आमच्या घरी पडून आहे, कोणाला काही छापून बघायचं असेल तर घेऊन जा. मी नसलो तरी आप्पा देतील. फक्त परत आणताना थिनरने धुऊन आणा. शाई वाळलेली स्क्रीन आप्पा घरात घेत नाहीत.